परगावचे प्रेक्षक आणि कात्रजचा घाट

पाठलागावर आलेल्याला चकवून निसटून जाणे याला मराठीत ‘कात्रजचा घाट दाखवणे’ म्हणतात. १६६३ च्या एप्रिल महिन्यात शिवाजी महाराजांनी लाल महालात शिरून शाएस्तेखानाला अद्दल घडविली. त्या रात्री पाठलागावर निघालेली मोगल फौज कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना बांधलेल्या पलित्यांच्या उजेडामागे धावत राहिली आणि महाराज दुसऱ्याच वाटेने सुखरूप सिंहगडाकडे निघून गेले, अशी परंपरागत हकिगत आहे. इतिहासकारांनी तिची चिकित्सा करावी. भाषेने मात्र ती केव्हाच पदरात घेतली आहे. फुटबॉलचे सामने पाहण्यासाठी परदेशी जाणारे हुल्लडबाज प्रेक्षक आणि त्यांच्या बंदोबस्ताला रस्त्यावर उतरलेले यजमान देशांचे पोलीस यांची गेल्या चार दशकांची कहाणी वाचताना या वाक्प्रचाराची वारंवार आठवण होते. पोलीस धावतात, लाठ्या चालतात, अश्रुधूर सुटतो. आणि हाती सापडतात ते बहुधा पलिते बांधलेले बैल.

क्रिकेटवेड्या पुण्यात या विषयाची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. त्याने कात्रजचा घाट ओलांडून सव्वादोनशे किलोमीटर दक्षिणेला जावे. कोल्हापुरात फुटबॉल हा संस्थानी काळापासून रुजलेला खेळ आहे. कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनची स्थापना १९४० सालची. तेथील संघ कोणा उद्योगपतीने विकत घेतलेले नाहीत, ते पेठांच्या तालमींचे आहेत: पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब. कुस्तीच्या आखाड्यातून निघालेली ही नावे शाहू स्टेडियमवर उतरली की अवघे शहर दुभंगते. विश्वचषकाच्या दिवसांत गल्लोगल्ली ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, चौकांत खेळाडूंच्या उंच प्रतिमा उभ्या राहतात. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. त्याची पुढली घडण पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली.

याच स्टेडियमवर दोन तालमींच्या समर्थकांत दगडफेक झालेली आहे, बाटल्या फेकल्या गेल्या आहेत, सामना संपल्यावर रस्त्यांवर पाठलाग झाले आहेत, पोलिसांना लाठीमार करावा लागला आहे आणि स्पर्धा मध्येच थांबवण्याची पाळीही आली आहे. कोल्हापूरकरांना हे सांगण्याची गरज नाही. वर्तमानपत्रांतून ‘हुल्लडबाजी’ हा शब्द तेथे फुटबॉलच्या हंगामाबरोबरच उगवतो. तरीही कोल्हापूरची हुल्लड आणि युरोपाने अनुभवलेली हुल्लड यांत एक मूलभूत फरक आहे. कोल्हापूरची हुल्लड घरातली आहे. दगड कोणत्या गॅलरीतून आला हे कळले की तो कोणत्या पेठेतून आला हे कळते, आणि पेठ कळली की पोराच्या बापापर्यंत पोचायला हवालदाराला फार वेळ लागत नाही. इंग्लंडचा तरुण बेल्जियममधल्या चौकात बाटली फेकतो तेव्हा त्याला ओळखणारे कोणीही तेथे नसते. हे तो जाणतो. किंबहुना त्यासाठीच तो इतक्या दूर आलेला असतो.

कात्रजच्या रहिवाशाला हद्द म्हणजे काय, हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. घाट चढून गेले की पुणे शहर पोलीस आयुक्तालयाची हद्द संपते आणि पलीकडे ग्रामीण पोलीस अधीक्षकांचा अंमल सुरू होतो. गहुंज्याच्या स्टेडियमवर क्रिकेटचा मोठा सामना असला म्हणजे सातारा, सांगली, कोल्हापूरच्या बाजूने गाड्यांची रीघ लागते. सातारा जिल्हा सोडल्यानंतर ही गर्दी प्रथम पुणे ग्रामीणच्या, नंतर कात्रजपासून पुणे शहराच्या आणि शेवटी, २०१८ पासून अस्तित्वात आलेल्या, पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाच्या हद्दीत शिरते. चार घटकांच्या प्रवासात तीन पोलीस दले. तिघांचीही भाषा एक, कायदा एक, गृहखाते एक. तरी वाटेत कोठे भांडण झालेच तर ‘ही जागा आमच्याकडे येत नाही’ हे वाक्य ऐकू येण्याची शक्यता किती, हे सुज्ञ वाचकांनी आपल्या अनुभवावरून ठरवावे. तेथे भाषा तीन, कायदे तीन आणि सरकारेही तीन असली म्हणजे काय होत असेल?

२९ मे १९८५ रोजी ब्रुसेल्सच्या हायसेल स्टेडियमवर काय झाले, ते पाहावे. लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांच्यात युरोपीय चषकाचा अंतिम सामना होता. लिव्हरपूलच्या समर्थकांशेजारचा विभाग तटस्थ प्रेक्षकांसाठी म्हणून राखला होता. प्रत्यक्षात तेथील तिकिटे मोठ्या संख्येने इटालियनांच्या हाती गेली. मध्ये होते ते तारेचे तकलादू कुंपण. इंग्रज जमाव ते ओलांडून धावून गेला, पलीकडचे लोक मागे सरकत भिंतीशी चिरडले गेले, भिंत कोसळली. ३९ माणसे मेली, त्यांत बहुतेक इटालियन. स्टेडियमचा एक भाग शहर पोलिसांकडे होता आणि दुसरा सशस्त्र राष्ट्रीय दलाकडे. दोहोंत ताळमेळ नव्हता. पुढे खटला चालला. १९८९ साली चौदा इंग्रज समर्थकांना दोषी ठरविण्यात आले, आणि त्यांच्याबरोबर बेल्जियमच्या फुटबॉल संघटनेच्या सरचिटणिसाला व एका पोलीस अधिकाऱ्यालाही शिक्षा झाली. आपल्याकडे अशा दुर्घटनांनंतर चौकशी समिती नेमली जाते, तिचा अहवाल कालांतराने सादर होतो आणि मग तो कपाटात जातो. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात गॅलरीत उसळलेल्या मारामारीत आणि चेंगराचेंगरीत सोळा प्रेक्षक मेले. त्या दिवशी बंगालमध्ये अजून रक्तदान होते, ही गोष्ट मोठी खरी. पण आयोजकांची जबाबदारी म्हणजे काय, हे आपण अद्याप ठरविलेले नाही. ४ जून २०२५ रोजी बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयोत्सवाच्या गर्दीत अकरा जीव गेले तेव्हा हीच चर्चा पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू झाली.

हायसेलनंतर इंग्रज क्लबांना पाच वर्षे युरोपातून हद्दपार करण्यात आले. राष्ट्रीय संघावर मात्र बंदी नव्हती. १९९० च्या विश्वचषकात इटलीने इंग्लंडचे साखळी सामने सार्डिनिया बेटावर ठेवले. हुल्लडबाजांना काळ्या पाण्यावर पाठविण्याचाच हा प्रकार होता. परंतु बेटावरचे सामने संपले आणि संघ मुख्य भूमीवर आला की त्याच्यामागोमाग जमावही येतो. मूळ प्रश्न तसाच राहिला. जून २००० मध्ये बेल्जियममधील शार्लरवा येथे इंग्लंड–जर्मनी सामन्याच्या सुमारास नऊशेहून अधिक इंग्रजांना पकडण्यात आले आणि त्यांतील अनेकांना खटला न भरता विमानात वा बोटीत बसवून परत धाडण्यात आले. यजमान पोलिसांच्या बाजूने विचार केला तर यात नवल नाही. साक्षीदार कोण? तो तर उद्या आपल्या देशी जाणार. ओळख पटविणार कोण? दुभाषे किती आणणार? सामन्याचा दिवस सुखरूप पार पडला म्हणजे झाले. घाट ओलांडला, पलीकडचा प्रश्न पलीकडच्यांचा.

येथे आपल्या कायद्यातील एका तरतुदीची आठवण होते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या ५५ आणि त्यापुढील कलमांनुसार उपद्रवी इसमास जास्तीत जास्त दोन वर्षे जिल्ह्याबाहेर तडीपार करता येते. पुणेकरांना तडीपारीच्या बातम्या नित्याच्या आहेत. या उपायाचा अर्थ नीट पाहिला तर तो असा की आपल्या गुंडाला आपण कात्रजच्या घाटापलीकडे सोडून येतो. तो निघून जातो कोठे? साताऱ्याला, सोलापूरला, कोठे तरी. म्हणजे जेथे त्याला कोणी ओळखत नाही तेथे. शार्लरवाच्या दंगलीनंतर काही आठवड्यांतच ब्रिटिश पार्लमेंटने जो कायदा केला तो नेमका याच्या उलट दिशेचा होता. १९८९ च्या कायद्यात बंदीहुकमाची कल्पना आधीच होती. २००० च्या कायद्याने तिला धार आणली. ज्याच्यावर असा हुकूम आहे त्याने परदेशातील सामन्याच्या काळात आपला पासपोर्ट पोलीस ठाण्यात जमा करावयाचा, बोलाविले की हजेरी द्यावयाची. मुदत तीन वर्षांपासून दहा वर्षांपर्यंत. ही तडीपारी नव्हे. ही स्थानबद्धतेची धाकटी बहीण. आपल्या घरचा उपद्रव दुसऱ्याच्या दारात न पाठविण्याची जबाबदारी येथे घरमालकाने घेतली.

परिणाम दिसले. २००६ साली जर्मनीतील विश्वचषकापूर्वी तीन हजारांहून अधिक जणांचे पासपोर्ट जमा झाले आणि इंग्लंडचे गणवेशधारी पोलीस जर्मन पोलिसांच्या सोबतीने शहरांतून फिरले. त्यांच्याजवळ अटकेचे अधिकार फारसे नव्हते. त्यांच्याजवळ होती ती ओळख. प्रत्येक क्लबाच्या गर्दीतील चेहरे ठाऊक असलेला शिपाई समोर उभा आहे, त्याने नावाने हाक मारली, एवढ्यानेच पुष्कळशी मस्ती उतरते. वर्गात मागच्या बाकावरून येणारा आवाज कोणाचा हे ओळखणाऱ्या शिक्षकाला छडीची गरज पडत नाही, हे शिक्षक-वाचकांना मी काय सांगावे! २०२२ च्या कतार विश्वचषकाच्या वेळी ब्रिटनने तेराशेहून अधिक जणांना प्रवासापासून रोखले. त्या स्पर्धेत इंग्लंड-वेल्सच्या एकाही समर्थकाला अटक झाली नाही. अर्थात तेथे मद्यही सहजासहजी मिळत नव्हते, हे विसरून सगळे श्रेय कायद्याला देणे बरे नव्हे.

याउलट ओळख नसली म्हणजे काय होते, ते २०१६ च्या जूनमध्ये मार्सेयमध्ये दिसले. बंदराजवळच्या मद्यालयांत पिऊन गाणारे इंग्रज पोलिसांच्या डोळ्यांवर येत होते. सरकारी वकिलांच्या सांगण्यानुसार, खरी मारामारी केली ती सुमारे दीडशे रशियनांनी, जे त्यासाठी शिकून-सवरून आले होते, शिस्तीने चालून आले आणि शिस्तीने नाहीसे झाले. सुरुवातीला न्यायालयापुढे उभे करण्यात आलेल्यांत त्यांच्यापैकी एकही नव्हता. काही जण पुढे त्यांची बस अडविल्यावर हाती लागले. पलित्यांचा उजेड आणि दुसरी वाट यांचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

तेव्हा बंदीहुकमाचा हा विलायती उपाय येथे जसाच्या तसा आणावा काय? मला तसे वाटत नाही. ब्रिटनच्या कायद्यात गुन्हा शाबीत झालेला नसतानाही, पोलिसांच्या अर्जावरून, दंडाधिकारी बंदी घालू शकतो. तेथील अपील न्यायालयाने २००२ मध्ये ही तरतूद वैध ठरविली खरी, परंतु पुरावा भक्कम हवा, अशी अट घालूनच. आपल्याकडे तडीपारीचे हुकूम किती घाईने निघतात हे उच्च न्यायालयाने ते किती वेळा रद्द केले यावरून समजते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२२ मध्ये बजावले की तडीपारी हा असाधारण उपाय आहे आणि नागरिकाच्या संचारस्वातंत्र्यावर तो घाला घालतो. अशा यंत्रणेच्या हाती आणखी एक हत्यार देण्यापूर्वी दहादा विचार केला पाहिजे.

शिवाय, प्रेक्षक म्हणजे उपद्रवी असे एकदा मनाने घेतले की पोलीसच दंगलीचे कारण होतात, याचे दाखले आपल्या घरात आहेत. जानेवारी १९७५ मध्ये वानखेडे स्टेडियमवरील पहिल्याच कसोटीत क्लाइव्ह लॉइडने द्विशतक पूर्ण केले तेव्हा एक तरुण आनंदाच्या भरात त्याचे अभिनंदन करण्यास धावत मैदानात गेला. पोलिसांनी त्याला सर्वांदेखत बडविले. मग गॅलरी पेटली. त्या दिवशी प्रेक्षकांचे भांडण वेस्ट इंडीजशी नव्हते, ते खाकी गणवेशाशी होते. इंग्लंडात एप्रिल १९८९ मध्ये हिल्सबरो येथे जे चिरडून मेले, ज्यांची संख्या पुढे ९७ झाली, त्यांच्यावर पोलिसांनी दारुडेपणाचा खोटा ठपका ठेवला. तो पुसून टाकायला २०१६ साल उजाडावे लागले. आणि २८ मे २०२२ रोजी पॅरिसमध्ये लिव्हरपूलचे समर्थक, त्यांत म्हातारेकोतारे आणि लहान मुलेही होती, प्रवेशद्वारांशी अडकून पडले व त्यांच्यावर अश्रुधूर सोडण्यात आला. युरोपीय फुटबॉल महासंघाने नेमलेल्या समितीने पुढील वर्षी प्रमुख दोष खुद्द महासंघालाच दिला आणि हिल्सबरोविषयीचा गैरसमज मनात धरून आखलेला पोलिसी बंदोबस्तही चुकीचा ठरविला. युरोप परिषदेने १९८५ च्या ऑगस्टमध्ये केलेल्या करारात भर होता तो हिंसेच्या प्रतिबंधावर. २०१६ च्या नव्या करारात सुरक्षितता आणि सुव्यवस्था यांच्याबरोबर ‘सेवा’ हा तिसरा शब्द आला आहे. प्रेक्षकाला पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, परतीची गाडी आणि त्याच्या भाषेत वाट सांगणारा माणूस मिळाला पाहिजे, असा त्याचा साधा अर्थ.

याची प्रचीती पुण्याने एकदा घेतलेली आहे. एप्रिल २०१८ मध्ये कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईच्या संघाचे सामने गहुंज्याला हलविण्यात आले, तेव्हा त्या संघाच्या समर्थकांसाठी खास रेल्वेगाडी सोडण्यात आली. सुमारे हजार माणसे पिवळे सदरे घालून, शिट्ट्या फुंकीत पुणे स्थानकावर उतरली, सामना पाहून परत गेली. मराठी येत नसलेली हजार तरुण मंडळी परक्या शहरात उतरली, आणि पुणेकरांना त्याचा उपद्रव झाल्याचे ऐकिवात नाही. का? ती एकत्र आली, एकत्र गेली, कोण आले आहे हे नेणाऱ्याला ठाऊक होते. याहूनही जुना दाखला पंढरीच्या वाटेवरचा आहे. लाखोंचा समुदाय पुणे, सातारा, सोलापूर अशा जिल्ह्यांच्या हद्दी पायी ओलांडतो. पोलीस बंदोबस्त असतोच. पण प्रत्येक वारकरी कोणत्या ना कोणत्या दिंडीत असतो, दिंडीला रथापुढे वा रथामागे क्रमांक असतो, आणि मुक्कामाच्या समाजआरतीला चोपदाराने दंड वर केला की टाळ थांबतात. हरवल्या-सापडल्याची आणि तक्रारींची वर्दी तेथेच दिली जाते. फुटबॉलच्या गर्दीसमोर प्रतिस्पर्धी असतो, वारीसमोर नसतो. तेव्हा ही तुलना फार ताणू नये. परंतु चालत्या गर्दीला आतून शिस्त लावण्याची कला आपल्याला परकी आहे, असे कोणी म्हणू नये.

आता पुन्हा कोल्हापूर. मैदानावर हुल्लड झाली की गुन्हे नोंदले जातात, आणि पकडला जातो तो पळता न येणारा, चित्रफितीत तोंड स्पष्ट दिसलेला, अकरावी-बारावीतला पोरगा. ज्याने शिव्यांना सुरुवात केली, पिशवीतून दगड आणले, तो केव्हाच मागच्या दाराने बाहेर पडलेला असतो. बेकायदा जमाव आणि दंगल हे शब्द एकदा त्या पोराच्या नावापुढे लागले की पुढे पोलीस भरती असो, शासकीय कारकुनाची जागा असो वा पासपोर्ट असो, चारित्र्य पडताळणीच्या टेबलावर ते शब्द आडवे येतात. खटला सुटेपर्यंत वयाची अट निघून जाते. ज्या तालमीच्या नावाने त्याने घसा फोडला, ती तालीम त्या दिवशी न्यायालयात त्याच्या शेजारी उभी असतेच असे नाही. दंगलखोराला शिक्षा होऊ नये असे माझे म्हणणे नाही. शिक्षा नेमक्या माणसाला व्हावी एवढेच मागणे आहे, आणि ते पेठेतल्या ओळखीवाचून साधणार नाही.

म्हणून मला सुचवावेसे वाटते ते असे. तालमींनी आपल्या समर्थकांची नोंद ठेवावी आणि गॅलरीतील जागा त्या नोंदीनुसार द्याव्यात. जो गोंधळ घालील त्याचा प्रवेश असोसिएशनने लेखी कारण देऊन, त्याचे म्हणणे ऐकून, ठराविक हंगामांपुरता बंद करावा. याला नव्या कायद्याची गरज नाही, फौजदारी गुन्ह्याचीही नाही, आणि पोराचे आयुष्यही त्यामुळे नासत नाही. कोल्हापूरचा संघ पुण्या-मुंबईत खेळायला निघाला आणि पाठोपाठ गाड्या निघाल्या, तर त्या गर्दीला ओळखणारे दोन शिपाई कोल्हापुराहून साध्या वेशात सोबत यावेत. कात्रजला त्यांनी येथल्या पोलिसांना भेटावे आणि स्टेडियमच्या दारात त्यांच्या शेजारी उभे राहावे. अटक येथल्यांनी करावी, ओळख तिथल्यांनी पटवावी. जर्मनीत २००६ साली याहून वेगळे काही झाले नाही. अडचण एकच दिसते. परजिल्ह्यात, खेळाच्या सामन्यासाठी, हद्दीबाहेर गेलेल्या दोन शिपायांचा प्रवासभत्ता कोणत्या लेखाशीर्षाखाली खर्ची टाकावयाचा, हे ठरविणारी फाईल तीन कार्यालयांतून फिरून येईपर्यंत फुटबॉलचा हंगाम संपलेला असतो.